डावीकडची खाट

प्रणालीला ताट वाढायची रीत राहिली नाही, ही मालनआत्याची तक्रार होती, आणि ती काही तिने मनात ठेवली नव्हती. शेजारच्या दोन्ही घरांना, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला आणि देवळात भेटेल त्या बाईला ती ऐकवून झाली होती.

“ओट्यावर ताट भरती आणि माझ्यापुढं आणून ठेवती. उजवीकडं भाजी, आमटी, मधी भात, सगळं झ्याक. आणि डावी बाजू? निस्ती मोकळी! मीठ न्हाई, चटणी न्हाई, लिंबाची फोड न्हाई. अगं, तुरुंगात तरी मीठ वाढत असतील!”

मालनआत्या शाळेत चौथीच्या पुढे गेली नव्हती, पण ताटाच्या बाबतीत तिला शिकवणारा अजून जन्मायचा होता. एसटी स्टँडामागे तिची खानावळ होती. कंडक्टर, तलाठी, कॉलेजची पोरं, तारखेला कोर्टात आलेली माणसं, सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं आणि तिची बोलणीही खाल्ली. पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाचंही ताट ती डावीकडून सुरू करायची. आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, कोशिंबीर. पोट उजव्या बाजूनं भरतं, पण आपल्याला इथे कुणी मोजतं की नाही ते डावी बाजू सांगते, असं तिचं म्हणणं.

बरं, प्रणाली काही परक्या घरची नव्हती. मालनच्या पाठच्या भावाची, दिनकरची एकुलती लेक. मामाची मुलगी म्हणून मालनच्या मुलाला, विक्रमला करून आणलेली. विक्रम गुजरातेत बंदरावर क्रेन चालवायचा, चार-सहा महिन्यांनी तोंड दाखवायचा. घरात उरल्या तिघी. मालन, प्रणाली आणि चिमुरडी ईश्वरी. लहानपणी सुट्टीला आली की आत्याच्या कमरेला मिठी मारून खानावळभर फिरणारी ही पोर. तिला ताट येत नाही म्हणजे काय?

त्या दुपारी मालनने ठरवलंच होतं. ताट पुढे आलं तशी ती म्हणाली, “प्रणाली, मीठ कुठाय?”

प्रणालीने ताटाकडे पाहिलं. “वाढलंय की सगळं.”

“सगळं? ह्या बाजूला काय, माझी सवत जेवणाराय?”

मालनने तिची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. तेव्हा कुठे प्रणाली म्हणाली, “हो. राहिलं.” ना जीभ चावली, ना ओशाळली. उठली, मीठ आणून वाढलं, पुन्हा आपल्या जागी बसली. तिच्या स्वतःच्या ताटात भाताच्या ढिगाची उजवी बाजू खाऊन झाली होती आणि डावी तशीच उभी होती, सुरीने कापल्यासारखी. तेवढ्यावर तिने हात धुतले.

इतक्यात ईश्वरी रिबिनी घेऊन आली. आईच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली, “आई, वेण्या घाल.” प्रणाली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ईश्वरीने पुन्हा हाक मारली नाही. हट्ट केला नाही. मुकाट आईच्या पाठीमागून वळसा घालून ती उजवीकडे आली आणि तेच वाक्य पहिल्यांदा म्हणावं तसं म्हणाली, “आई, वेण्या घाल.”

“ये,” प्रणाली म्हणाली. उजवी वेणी तिने घट्ट, सरळ, अगदी हॉस्पिटलातल्या बँडेजसारखी घातली. रिबिनीचं फूल केलं. “झाली. शाळेत पळ.”

डावीकडचे केस मोकळेच होते. पोर आजीकडे आली, पाठमोरी बसली. मालनने दुसरी वेणी घातली. तिला चिडायचं होतं, पण ज्या सवयीने पोरीने वळसा घातला होता, ती बघून तिने नुसतं रिबिनीचं फूल केलं.

ईश्वरी गेल्यावर ती म्हणाली, “पोरगी दिसली न्हाई तुला?”

“दिसते, आत्या. डोळ्यांना काही झालेलं नाही. पण तिकडे काही आहे, असं मनाला वाटतच नाही. तुम्हाला तुमच्या पाठीमागची भिंत आठवते का सारखी? तसं. उजवा भाग उठला की दिसेल.”

“आन तो कवा उठणार?”

“दुसऱ्या ड्युटीला,” प्रणाली म्हणाली आणि चपला घालून निघाली.

प्रणाली सिस्टर होती. तिच्या दोन्ही कानांमागे दोन चकत्या, आणि मानेवरून त्यांना जोडणारी करंगळीएवढी पट्टी. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. गावात नुसतं ‘पट्टी’ म्हणत. ट्रस्टच्या हॉस्पिटलात पट्टी आली तेव्हा सिस्टरांच्या घरच्यांना मुद्दाम बोलावून चहा-वडा दिला होता आणि कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं होतं. मालनने वडा तिखट नसल्याचं तिथल्या तिथे सांगितलं, पण ऐकलं मात्र लक्ष देऊन.

तो म्हणाला, मेंदूच्या दोन फाका असतात, अक्रोडासारखी, आणि मधे एक पूल. समुद्रातल्या डॉल्फिनला श्वास घ्यायला सारखं वर यावं लागतं, म्हणून तो एका वेळी एकच फाक झोपवतो. बदकं ओळीने झोपतात तेव्हा कडेचं बदक एक डोळा उघडा ठेवतं, त्याचीही अर्धी बाजू जागी असते. माणसाला हे येत नाही असं वाटायचं. पण परक्या जागी पहिल्या रात्री माणसाची एक फाक दुसरीपेक्षा सावध झोपते, हे शास्त्रज्ञांना यंत्रावर दिसलं. (मालन मनात म्हणाली, त्याला यंत्र कशाला? नव्या नवरीला विचारायचं.) म्हणजे खोड आपल्यातही आहे, फक्त कच्ची. पट्टी ती पक्की करते. बारीक वीज सोडून एका फाकेला गाढ झोपवायचं, म्हणजे तिच्यात दिवसभर साठलेला मळ धुऊन निघतो. तेवढा वेळ दुसरी काम करते. मग अदलाबदल. मधला पूल गप्प ठेवायचा, म्हणजे एक दुसरीला उठवत नाही.

दोन्ही फाकांचे गुण मात्र वेगळे. डावी बोलते, मोजते, एकामागून एक कामं लावते. तिचं लक्ष उजव्या अंगाला तेवढं. उजवीला शब्द जवळपास नाहीत, पण चेहरे तिचे, आवाजातला सूर तिचा, हसणं-रडणं तिचं, आणि चहूकडे लक्ष तिचं. म्हणून पहिल्या ड्युटीला डावी फाक, इंजेक्शन, औषधं, सलाईन. दुसऱ्या ड्युटीला उजवी, पेशंटला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, मेलेल्याला स्वच्छ करायचं. दुसऱ्या ड्युटीच्या सिस्टरांना पिवळा अ‍ॅप्रन, म्हणजे कुणी त्यांना काही विचारत बसू नये. घरी सोडताना पुन्हा डावी जागी करायची.

“म्हंजे एका पगारात दोन बाया,” मालन तिथेच मोठ्याने म्हणाली होती. लोक हसले. कंपनीचा माणूसही हसला.

हे सगळं आलं ते तरी काही उगाच आलं नव्हतं. निम्म्या सिस्टरा परदेशी गेल्या, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. राहिलेल्यांवर दुप्पट वॉर्ड पडले. एक जण ड्युटीवरून जाताना स्कूटीवरच झोपली आणि उसाच्या ट्रॉलीखाली गेली. तिच्या तेराव्यानंतर सिस्टरांनी स्वतःच हात जोडून काहीतरी करा म्हटलं होतं. प्रणाली त्या दिवसांत घरी आली की उंबऱ्यातच बसून झोपायची, एक चप्पल पायात. तेव्हा पट्टी देवासारखी वाटली. जागा भरेपर्यंतच, असं सांगितलं होतं. मग काम सुरळीत चाललं, आणि काम चाललंय म्हटल्यावर माणसं कशाला, म्हणून भरतीची जाहिरात निघायची थांबली. पुढच्या बैठकीत त्या जागाच रद्द झाल्या.

एक गोष्ट चहा-वड्याच्या दिवशी सांगायची राहिली. स्वप्नं पडायला दोन्ही फाका एकदम झोपाव्या लागतात. ती झोप पट्टीत मिळत नाही, ती तुंबते. पट्टी काढली की घटकाभरात अंगावर कोसळते आणि माणूस दोन-दोन दिवस उठत नाही. म्हणून बदली माणूस असल्याशिवाय पट्टी काढायची नाही. आणि बदली माणूस नव्हताच.

दिनकरला हॉस्पिटलात आणलं ते थंडी सरताना. जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून राबलेला, कढईच्या वाफेत आणि चिपाडाच्या धुरात उभा. रस कधी उतरवायचा ते नुसत्या वासावर सांगायचा. त्या धुराने आता फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी मालनला बाहेर बोलावून सांगितलं, मशीन लावून फार उपयोग नाही, आहेत ते दिवस सोबत राहा.

मालन सोबत राहिली. खाट प्रणालीच्याच वॉर्डात मिळाली म्हणून तिला बरं वाटलं होतं. वॉर्डात दोन रांगा. दिनकरची खाट आत येताना डाव्या हाताला, खिडकीशी.

सकाळी प्रणाली ट्रे घेऊन आली. उजवीकडच्या प्रत्येक खाटेशी थांबली, नाव घेतलं, औषध दिलं, सुई टोचली. दिनकर मास्क खाली ओढून म्हणाला, “पनू!” ती सरळ चालत पलीकडच्या दारातून निघून गेली.

“बघितलंस अक्का?” दिनकर धापा टाकत हसला. “जत्रंत बांगड्या घेतल्या न्हाईत, त्याचा राग हाय अजून.”

“गप पड. बोलू नगंस.” मालन तरातरा पलीकडच्या दारातून गेली आणि लेकरांच्या वॉर्डात प्रणालीला गाठलं. “अगं, बाप हाक मारतोय तुझा!”

“येताना घेणार होते डावी रांग,” प्रणाली म्हणाली. “जाताना डावी असते ती येताना उजवी होते. फेरीचा नियमच तसा आहे. पण हा वॉर्डही आता माझ्याकडे आलाय, परत जायला वेळ होत नाही. डावी रांग दुसऱ्या ड्युटीला बघते मी.”

“दुसऱ्या ड्युटीला तू सुई देतीस व्हय?”

प्रणालीने ट्रेमधलं पुढचं औषध काढलं. हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नसावा. स्वतःलाही नाही. ड्युटी बदलताना ती एकटीच, कुणाचं काय राहिलं याचा ओव्हर द्यायचा कुणाला?

मालन काही चर्चा करत बसणाऱ्यातली नव्हती. तिने दोन पेशंटांच्या पाहुण्यांना हाताशी धरलं, खाटेची चाकं सोडली आणि दिनकरची खाट ढकलत उजव्या रांगेत नेली. तिथला पेशंट त्याच सकाळी घरी गेला होता. “कुणाला इचारून?” असं वॉर्डबॉय म्हणाला, त्याच्याकडे तिने नुसतं बघितलं.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून प्रणाली बापाच्या खाटेशी थांबू लागली. तोवर मालनला वाटत होतं, पोरीचं लक्ष गेलं की झालं.

“पनू, बस जरा,” दिनकर म्हणाला.

“बाबा, बोट पुढे करा.” तिने बोटाला चिमटा लावला. “पंच्याऐंशी. ऑक्सिजन वाढवते. उशी उंच करा, आत्या, पेशंटला सपाट झोपवू नका.”

“पेशंटला?” मालन म्हणाली.

“माझ्याकडं बघ तरी गं,” दिनकर म्हणाला.

“बघतेय, बाबा. ओठ निळसर आहेत. दुपारपर्यंत वाट बघू.”

चूक काहीच नव्हतं. औषध वेळेवर, सुई अशी की दुखलंही नाही. दिनकर तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ती गेल्यावर समोरच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “अक्का, डावीकडं होतो तेच बरं व्हतं. तिथं वाटायचं, दिसत न्हाई म्हणून बोलत न्हाई.”

मग थोड्या वेळाने, पोरासारखा, “जायच्या आधी एकदा अख्खी भेटली पायजे मला. एवढं कर.”

मालनने भावाला आयुष्यात पुष्कळ झापलं होतं, पण त्याने कधी काही मागितलं नव्हतं. ती उठली.

मेट्रन चौगुलेबाई आपल्या खोलीत उभ्याउभ्याच काहीतरी खात होत्या. मालन दारातूनच सुरू झाली. “अवो बाई, माणसं हाईसा का वैरी? बाप मरायला टेकलाय आणि लेक त्याला आकडं सांगती! दोन दिस सुट्टी द्या तिला. झोपू दे, उठू दे, मग बापापुढं बसू दे. कुणाचं काय जातंय?”

मेट्रनबाई ऐकत होत्या. “दोन दिवस ती झोपली,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर हे दोन वॉर्ड मी कुणाकडे देऊ? नाव सांगा. तुम्ही सांगाल तिला मी आत्ता फोन करते.”

“ते मला काय इचारता? तुम्ही म्होरक्या!”

“मी तीन वेळा लिहून दिलं. वरून उत्तर आलं, काम तर चाललंय.”

मालनच्या जिभेवर आणखी पुष्कळ होतं. पण मेट्रनबाई ताट ठेवायला वळल्या आणि तिला त्यांची डावी बाजू दिसली. उजवीकडचे केस चापूनचोपून बांधलेले होते, डावीकडचे विंचरलेच नव्हते. झोपेतून उठल्यासारखे पिंजारलेले, त्यांच्याच गावी नसलेले. कानामागे चकती चमकत होती. मालनचा राग पाण्यात पडल्यासारखा विझला. ती स्टुलावर बसली.

“एक करता येईल,” मेट्रनबाई म्हणाल्या. “एरवी इथे खुर्चीत बसवून एक फाक पुरती झोपवायची, मगच दुसरी उठवायची. तेच घाईने उलट केलं, तर एक फाक उठलेली असते आणि दुसरी अजून झोपलेली नसते. घोटभर चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. तेवढ्यात ती अख्खी असते. किल्ली माझ्याकडेच आहे. आज ड्युटी बदलताना मी तिची अदलाबदल वडिलांच्या खाटेशी आणून तशी करते. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही, मावशी.”

“घोटभर चहा,” मालन म्हणाली.

“हो.”

मालनने दिनकरला तसंच सांगितलं. तो खूश झाला. चेहरा पुसून मागितला, सदऱ्याची गुंडी लावून घेतली. “काय बोलू गं मी तिच्याशी एवढ्यात?” म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “काय बोलणार न्हाई. निस्तं बघणार.”

दुपार कलली. बाहेर चहाची किटली फिरू लागली, म्हणजे ड्युटी बदलायची वेळ जवळ आली. दिनकरची नजर दारावर होती. आणि दारावर नजर असतानाच त्याचा श्वास अडकला. छाती वर झाली ती खाली येईना.

मालन ओरडली. प्रणाली पळत आली. तिने खाटेवर गुडघा टेकून छाती दाबायला सुरुवात केली, तोंडाने मोजत, न चुकता, न थांबता. डॉक्टर आले. सुया झाल्या. ती बापाला वाचवायला झटत होती हे मालनला दिसत होतं. पण शेजारच्या खाटेवरच्या कुणालाही ती तशीच झटून वाचवू बघेल, हेही दिसत होतं. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली. प्रणालीने मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ सांगितली, बापाचे डोळे मिटले आणि म्हणाली, “आत्या, जरा कडेला व्हा. चादर घालायची आहे.”

“प्रणाली, बाप गेला तुझा.”

“हो. फुप्फुसं संपलीच होती, आत्या. त्रास कमी झाला म्हणायचं.” तिने चादर नीट खोचली आणि ट्रे उचलला. किटलीवाला दारात उभा होता. ती ड्युटी बदलायला मेट्रनच्या खोलीकडे गेली. आता खाटेशी आणून उलटी अदलाबदल करायचं कारणच उरलं नव्हतं.

मालन खाटेच्या कडेला बसून राहिली. विक्रमला फोन लावायला हवा होता. गावाकडे निरोप द्यायला हवा होता. ती उठली नाही.

थोड्या वेळाने पिवळा अ‍ॅप्रन घातलेली प्रणाली आली. हातात कोमट पाण्याचं भांडं, खांद्यावर पंचा. अंग स्वच्छ करायला. ती आता वेगळीच चालत होती, सैल, दोन्हीकडे बघत. येता येता डाव्या रांगेतल्या एका म्हातारीचं पांघरूण तिने नीट केलं, गालाला हात लावला. मालनला पाहून तिचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी ती अशी हसत होती! हिला माहीत नाही. जिला माहीत आहे ती आत्ता झोपलेली आहे, आणि मधला पूल गप्प आहे.

“प्रणाली, थांब. नगं.”

शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. तिने भांडं ठेवलं, चादर खाली केली आणि बापाचं तोंड बघितलं.

पंचा हातातून गळाला. तिने बापाच्या गालाला हात लावला, मग कपाळाला, मग सदऱ्याच्या गुंडीला. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द येईना. नुसता ‘आ... आ...’ असा आवाज. ती मालनकडे बघत होती, आणि त्या बघण्यात असा प्रश्न होता की मालनला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

“गेला गं बाई,” मालन म्हणाली. “तुझा बाप गेला.”

प्रणालीने मान हलवली, कळत नाही म्हणून. पुन्हा ‘आ’ केलं. पुन्हा बापाला हलवलं.

मालनआत्या चारचौघांत कधी रडली नव्हती. नवरा गेला तेव्हाही मयताला आलेल्यांच्या चहाचं तिनेच बघितलं होतं. हेल काढून रडणाऱ्या बायांना ती नावं ठेवायची. पण शब्द जिला कळत नाहीत तिला सूर कळतो, हे तिने ऐकलं होतं, आणि या पोरीला सांगायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने पदर तोंडावर घेतला नाही. सगळ्या वॉर्डासमोर उभी राहिली आणि हेल काढला.

“माझ्या दिनूऽऽ रंऽऽ... पाठीवरच्या राजाऽऽ... अक्काच्या आधी रं कसा निघालासऽऽ... लेकीची वाट बघत रंऽऽ दाराकडं बघत रंऽऽ... काकवीचा तांब्या घेऊन आता कोण येईल माझ्या दाराऽऽ...”

पहिल्याच ओळीला प्रणालीला कळलं. ती मालनच्या गळ्यात पडली आणि असं रडली, की मालनला तिचं वजन पेलेना. लहान पोर रडते तसं, नाकातोंडातून, लाज सोडून. कित्येक महिन्यांचं तुंबलेलं असावं. बाप त्यात होता, आणि न घातलेल्या वेण्याही त्यात असतील. मालन हेल काढत राहिली, पाठीवरून हात फिरवत राहिली. कुणीतरी खाटेवरच हात जोडले.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून मेट्रनबाई धावत आल्या. “प्रणाली! लेकरांच्या वॉर्डात झटके आलेत एकाला, सुई द्यायला कुणी नाही, माझे हात बघा...” त्यांचे हात खरंच लटलटत होते. समोरचं बघून त्या थबकल्या. मग मालनकडे वळून हात जोडले. “मावशी, माफ करा मला. लेकरू आहे तिकडे.”

मालनला त्यांना ढकलून द्यायचं होतं. पण लेकरू म्हटल्यावर काय ढकलणार? तिने मिठी सोडली नाही, पण मेट्रनबाईंचा हातही अडवला नाही. त्यांच्या गळ्यातली किल्ली घाईने प्रणालीच्या कानामागे टेकली.

रडणं थांबलं नाही, पण प्रणालीने मान वर केली. डोळे पाण्याने भरलेले, आणि त्यात ओळख, सगळीच्या सगळी.

“आत्या,” ती म्हणाली. “आत्या, बाबा गेले गं? मी इथेच होते ना? मी त्यांच्याशी बोलले का गं काही? तू सांग ना, मी...”

“बोललीस गं राणी, बोललीस...”

“ईशूला डाव्या...”

वाक्य तिथेच राहिलं. मालनच्या डोळ्यांदेखत तो चेहरा उतरत गेला, दिवा बारीक करत न्यावा तसा. हुंदका अर्ध्यावर थांबला. प्रणालीने मनगटाने गाल पुसला, ओल्या हाताकडे क्षणभर पाहिलं, अ‍ॅप्रनला कोरडा केला. मालनची मिठी हळूच सोडवली.

“कितवी खाट?” तिने मेट्रनबाईंना विचारलं, आणि मग मालनला, “आत्या, गाडीचं सांगून ठेवा. बॉडी फार वेळ इथे ठेवता येत नाही. मी ड्युटी संपली की घरी येतेच.”

ती निघाली. पलीकडच्या दारापाशी पोचली, तेव्हा मालनआत्याने खानावळीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात तिला हाक मारली. ती थांबली. वळली. शब्द न् शब्द तिला कळणार होता, आणि त्यातलं काहीच लागणार नव्हतं.

“प्रणाली, ऐक. आत्ता माझ्या गळ्यात पडून रडली ती माझ्या भावाची लेक. तिला ह्यांनी सोडलं की घरी लावून दे, कितीबी वर्सांनी सोडू दे, दार उघडंच हाय. तू मात्र येऊ नगंस. तुझं काम चोख हाय, तुझ्यात मला काय खोट काढता येत न्हाई, पण माझ्या घरात तुझं काय काम न्हाई. जा, लेकराला सुई दे.”